पेप्टाइडच्या पाठीवरून किरणोत्सार

आतडी, स्वादुपिंड, फुप्फुसे यांतल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींपैकी अनेकींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक (रिसेप्टर) दाटीने असतात. सोमॅटोस्टॅटिन हे आपल्याच शरीरातले १४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. रक्तात ते काही मिनिटांतच तुटते, म्हणून संशोधकांनी त्याचा ग्राहकाला चिकटणारा भाग राखून आठ अमिनो आम्लांचा टिकाऊ रेणू घडवला. त्याच्याच सुधारित रूपाला पुढे ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडले. शिरेतून दिलेले हे औषध गाठीच्या पेशी आत ओढून घेतात. त्याचे बीटा कण ऊतीत फार तर दोन मिलिमीटर जातात, त्यामुळे मारा बहुतांशी गाठीवरच होतो.

मला यातली सर्वांत देखणी युक्ती मूत्रपिंडांची वाटते. लहान पेप्टाइडे मूत्रपिंड गाळते आणि पुन्हा शोषून घेते. किरणोत्सारी पेप्टाइड तिथे अडकले तर इजा ठरलेलीच. म्हणून सोबत लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्ले सलाइनमधून देतात. शोषणाच्या वाटा ही आम्ले अडवतात आणि बरेचसे औषध लघवीतून निघून जाते.

मधल्या आतड्याच्या पसरलेल्या गाठींवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. २० महिन्यांनंतर या उपचाराच्या गटात सुमारे ६५ टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकला नव्हता. तुलनेच्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. आजार समूळ जाणे मात्र दुर्मीळच.

ल्युटेशियम-१७७ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते. घरात कोणाला असा आजार असेल, तर गाठीवर हे ग्राहक आहेत का, हे पेट स्कॅनने तपासण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. ग्राहक नसतील, तर हा उपचार उपयोगाचा नाही.