ठिबक सिंचनातील प्रवाहमापक आणि इशाराघंटा

फोंडा, सांगे व सत्तरी या तालुक्यांतील कुळागरांना पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावरील झऱ्यांचे पाणी पाटाने मिळत आले आहे. पाट फुटला तर तो दिसतो, आणि पाणी लावणारा गडी कुदळीने माती ओढून तो लागलीच बुजवितो. ठिबक सिंचनाने पाण्याची व श्रमांची बचत झाली खरी. परंतु पाणी नळीत शिरले तसे ते दृष्टीआडही झाले. त्यात स्वयंचलित नियंत्रक बसविल्यावर सिंचन बहुधा रात्री, बागेत कोणी नसताना होते.

नियंत्रक म्हणजे मूलतः एक घड्याळच होय. ठरल्या वेळी व्हॉल्व उघडावा व मिटावा, एवढेच ते जाणते. सोडलेले पाणी पोफळीच्या मुळाशी पोचले की फुटक्या नळीतून ओहोळाला मिळाले, हे त्यास कळत नाही. ते कळावे याकरिता प्रवाहमापकाची योजना असते. नळीच्या पोटात बसविलेले लहानसे चक्र पाण्याच्या वेगाने फिरते व त्यातील लोहचुंबकामुळे ठरावीक पाण्यामागे एक विद्युत्‌संकेत नियंत्रकाकडे जातो. एका संकेतामागे किती लिटर, हा आकडा मापकासोबतच्या पत्रकावर असतो. तो नियंत्रकात चुकीचा भरला गेल्यास पुढील सारा हिशेब चुकतो. म्हणून २०० लिटरचे पिंप भरून नियंत्रकाने दाखविलेला आकडा एकदा पडताळून घ्यावा.

मापक गाळणीच्या पुढे बसवावा, म्हणजे कचरा चक्रात अडकत नाही. त्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. मापकाआधी नळीच्या व्यासाच्या १० पट व नंतर ५ पट लांबीचा सरळ भाग हवा. ५० मिलिमीटरच्या नळीला हे अंतर अनुक्रमे ५० व २५ सेंटिमीटर होते. नळीचे वळण अगदी जवळ असल्यास पाण्यात भोवरा उठतो व मोजणी बिघडते. संकेताची तार पंपाच्या वीजतारेला गुंडाळून नेऊ नये.

आता इशाऱ्याच्या मर्यादा. समजा, एका व्हॉल्ववर ६०० पोफळी असून प्रत्येकीस ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत. ताशी ४,८०० लिटर, म्हणजे मिनिटाला ८० लिटर, हा त्या व्हॉल्वचा नेहमीचा प्रवाह झाला. वरची मर्यादा ३० टक्के अधिक ठेवली तर प्रवाह १०४ लिटरांपलीकडे जाताच नियंत्रक व्हॉल्व मिटवून घंटा वाजवील. मुख्य नळी फुटली तर हे पुरेसे आहे. परंतु उंदराने वा खारीने एखादी बारीक नळी कुरतडली व मिनिटाला निव्वळ १५ लिटर पाणी वाढले, तर प्रवाह ९५ वरच राहतो आणि घंटा मुकी राहते. अशा गळतीने सहा तासांत ५,४०० लिटर पाणी वाया जाते. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसत असताना ही हानी लहान नव्हे. मर्यादा फार आवळावी तर विजेचा दाब जरा वरखाली होताच घंटा वाजू लागते, आणि चार रात्री विनाकारण झोपमोड झालेला गडी पाचव्या रात्री तिची तारच काढून ठेवतो. त्यापेक्षा बागेचे लहान भाग करणे इष्ट. तीनशे झाडांच्या भागाचा प्रवाह ४० लिटर व मर्यादा ५२ लिटर होते. तीच १५ लिटरांची गळती ५५ वर जाऊन तत्काळ पकडली जाते.

प्रवाह कमी झाल्याचा इशाराही तितकाच मोलाचा आहे. गाळणी तुंबणे, फूटव्हॉल्व गळणे किंवा विहीर आटणे ही त्याची कारणे असतात. या इशाऱ्यासरशी पंप बंद होईल अशी जोडणी केल्यास कोरडा चालून मोटार जळण्याचा प्रसंग टळतो.

उतारावरील रिकाम्या नळ्या भरण्यास वेळ लागतो व तेवढा काळ प्रवाह अनियमित असतो. म्हणून व्हॉल्व उघडल्यानंतर दोन-तीन मिनिटे इशारा स्थगित ठेवतात. सर्व व्हॉल्व मिटलेले असूनही मापक फिरत असेल, तर टाकीखालील नळीत गळती आहे असे समजावे. मात्र गोठ्याचा वा भांडी घासण्याचा नळ मापकाच्या आधीच काढलेला असावा, एरवी दर सकाळी घंटा वाजेल.

बहुतेक नियंत्रक प्रत्येक व्हॉल्वचा नेहमीचा प्रवाह स्वतः नोंदवून घेतात. ही नोंद करण्यापूर्वी बाग पायी फिरून पाहणे अगत्याचे आहे, कारण त्या वेळी गळती असल्यास नियंत्रक तिलाच नेहमीचा प्रवाह मानतो. पहिल्या नोंदीचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. लोहयुक्त पाण्याने ड्रिपर हळूहळू तुंबतात. दरवर्षी नवी नोंद घेणाऱ्या नियंत्रकास हा बदल जाणवत नाही, तो वहीतच दिसतो.

पावसाळ्यात सिंचन बंद असताना मापकाचे चक्र काढून, गंज व शेवाळ पुसून कोरडे ठेवावे. पाऊस संपल्यावर पहिल्या पाण्याआधी पिंपाची पडताळणी पुन्हा करावी.