बाबाचा हिशोब आणि रक्तातला आकडा

मोवाड, जलालखेड्याकडचा जुना संत्रा बागायतदार झाडाला वरून खाली एकदा न्याहाळतो आणि आंबिया बहाराचा माल किती निघेल ते सांगतो. व्यापाऱ्याशी सौदा करताना हाच अंदाज त्याच्या कामी येतो. असा माणूस नागपुरात बायपास करून नरखेडला परततो. जखम भरते, फिरणं सुरू होतं, पण घरचे दबक्या आवाजात सांगतात, "बाबाचं हिशोबात ध्यान नाही लागत जी आता."

हे म्हणणं वयावर ढकलून मोकळं होऊ नये. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २६१ बायपास रुग्णांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता तपासली आणि २००१ साली निष्कर्ष छापले. सुटी होताना ५३ टक्के रुग्ण आधीपेक्षा मागे पडले होते. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं, पाच वर्षांनी पुन्हा ४२ वर गेलं. ही नंतरची घसरण मात्र एकट्या ऑपरेशनच्या माथी मारता येत नाही. रक्तदाब, मधुमेह आणि कडक झालेल्या रक्तवाहिन्या मेंदूलाही पोखरत असतात.

मग रक्त तपासून मेंदूची इजा कळेल का? पेशी दुखावल्या की त्यांची प्रथिनं रक्तात उतरतात. त्यातल्या एस१००बी या प्रथिनावर एकेकाळी मोठी भिस्त होती. ऑपरेशननंतर ते झपाट्याने वाढायचं. पुढे उलगडा झाला, की ते चरबीतही असतं. छातीत साचलेलं रक्त नळीने ओढून हार्ट-लंग मशीनमार्फत रुग्णाला परत देतात, आणि त्यासोबत छातीतल्या चरबीचं प्रथिनही अंगात जात होतं. मेंदूच्या खात्यावर चरबीची नोंद! एनएसई या दुसऱ्या प्रथिनाचंही तेच: ते तांबड्या पेशींत असतं, आणि मशीनमध्ये त्या पेशी फुटतात.

आता आशा आहे ती न्यूरोफिलामेंट लाइटवर. हा चेतातंतूंच्या आतल्या सांगाड्याचा तुकडा. पण वय वाढलं किंवा मूत्रपिंडं थकली, की त्याचीही पातळी चढते. म्हणून ऑपरेशनआधीचा आकडा हाती नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

ही तपासणी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. पण 'आधीची' नोंद घरीही करता येते. नागपूरला निघण्यापूर्वी बाबांना गेल्या बहाराचा सौदा, मजुरी, फवारणीचा खर्च तोंडी मांडायला सांगा आणि किती जमलं ते तारखेसह वहीत लिहा. तीन महिन्यांनी तेच विचारा. फरक दिसला, तर डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.