धायरीतील गुराब

पुण्यात सर्व काही मिळते, समुद्र तेवढा मिळत नाही. त्यामुळे पुण्यात राहून मी जहाज बांधतो आहे असे सांगितले की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग आमच्या सौभाग्यवतीकडे पाहतो. तिच्याकडे पाहण्यात सहानुभूती असते. त्यातून आमचे बिऱ्हाड धायरीला. गॅलरीत उभे राहिले की सिंहगड दिसतो, गारमाळरानाचा वारा येतो, आणि सह्याद्री ओलांडल्याशिवाय खारे पाणी काही दृष्टीस पडत नाही. पण घाबरण्याचे कारण नाही. जहाज अठरा इंचांचे आहे.

लाकडी शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती करणे हा छंद आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. विलायतेत तो मोठ्या इतमामाने चालतो. तिकडच्या आरमारी गोद्यांतून सतराव्या शतकापासूनच जहाजांची लहान लाकडी रूपे करून ठेवत. त्यांचे प्रमाण पुष्कळदा ठरलेले असे : खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतला पाव इंच, अर्थात अठ्ठेचाळीसास एक. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंचांनी तर जेवणात आलेल्या मटणाची हाडे जपून ठेवली आणि त्यांतून जहाजे कोरली. वेळ जावा म्हणून मनुष्य काय करील याचा नेम नाही! आज युरोपात या छंदाच्या तयार पेट्या मिळतात. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ घ्या, चहा वाहणारी ‘कटी सार्क’ घ्या. पेटी उघडली की कापलेल्या फासळ्या, पितळी तोफा, मण्याएवढ्या कप्प्या आणि प्रत्येक दोरी कोठे बांधायची याचा नकाशा हाती येतो.

निवृत्त झाल्यावर चिरंजीव मला अशीच एक ‘व्हिक्टरी’ आणून देणार होते. मी नको म्हटले. १७६५ साली पाण्यात उतरलेले ते जहाज आजही पोर्टस्मथला कोरड्या गोदीत उभे आहे. शंभरावर तोफांचा तो डौल मला मान्य आहे. पण ते तिथे आहेच. जे कोठेच नाही ते करावे, असे माझ्या मनाने घेतले. आंग्र्यांच्या आरमारातली गुराब करायची!

वाचकांपैकी पुष्कळांनी शाळेत ‘गुराबा आणि गलबते’ हे शब्द एका दमात पाठ केले असतील. पण गुराब दिसे कशी, हे किती जणांना सांगता येईल? मला तरी येत नव्हते. गुराबेची पेटी कोणी विकत नाही. आपले कारागीर नकाशे काढून जहाजे बांधत नसत. बापाच्या हाताकडे पाहून मुलगा शिके. तेव्हा मला जे वर्णन मिळाले ते एका इंग्रजाचे. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याचा जन्म १७२८ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावर अंजेंगोला झाला. त्याने आपल्या इतिहासात विजयदुर्गाच्या स्वारीची हकीकत लिहिताना आंग्र्यांच्या जहाजांना एक अख्खा परिच्छेद दिला आहे. त्यातून जे कळते ते असे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी. मध्यापासून पुढे निमुळती होत जाऊन शेवटी पुढे आलेली लांब नाळ. त्या नाळेवर फळ्यांची पाटण असे, पण बाजूंना कठडा नसे. तिच्यामागच्या आडभिंतीत दोन भोके आणि त्यांतून पुढे तोंड केलेल्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत त्याच घाटाचे पण लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबतांनी गुराब ओढत न्यायची आणि शत्रूच्या पिछाडीस भिडवायची. वाऱ्याची वाट पाहत ताटकळलेल्या भारी विलायती जहाजाची मग काय अवस्था होत असेल, त्याची कल्पना करावी.

एवढ्या मजकुरावरून जहाज बांधायचे म्हणजे लग्नपत्रिकेवरून नवरीचे चित्र काढण्यासारखे आहे. लांबी-रुंदी कोठून आणायची? इथे त्या काळच्या इंग्रजी गोद्यांतले एक गणित कामी आले. जहाजाच्या लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करायचा. उरलेल्याला रुंदीने गुणायचे, पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचे आणि चौऱ्याण्णवांनी भागायचे. येईल ते टन. मी गणित उलटे चालवले. बहात्तर फूट लांब आणि बावीस फूट रुंद धरले की एकशे एक्कावन्न टन येतात आणि घाटही रुंदट राहतो. ऑर्मसाहेबाच्या दीडशेला हे जुळले. बहात्तर भागिले चार, अठरा इंच; रुंदी साडेपाच. नाळ त्याच्यापुढे वेगळी. हे गणित जमले त्या रात्री मला झोप आली नाही, हे सौभाग्यवतीने आल्यागेल्याला सांगून झाले आहे.

लाकूड सागवानी हवे, तेही जुने. एका पेठेतला शंभरी ओलांडलेला वाडा पाडला, त्याच्या तुळईचा हातभर तुकडा मला जुन्या लाकडाच्या वखारीत मिळाला. लाकडाच्या बाबतीत आज्ञापत्राची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून ज्यांचे काही चालत नाही अशी प्रचंड जहाजे बांधण्याचे कारण नाही, असे ते बजावते. सागवान परवानगीने तोडावे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. आरमाराचा हुकूम लिहिताना फणसाच्या झाडाची काळजी वाहणारे हे राज्य मला फार मोठे वाटते.

परंतु याच राज्याची दुसरी बाजू हातात करवत असताना विसरता येत नाही. हा तुकडा पुण्याच्या वाड्यातला. आणि आंग्र्यांची आरमारे जळाली त्यात पुण्याचाही हात होता. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीना. नानासाहेबांनी १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसनची जहाजे आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर आली. जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य होते. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला, तेथून शेजारच्याने, आणि दोराने एकमेकांस जखडलेले ते सबंध आरमार खाडीत जळून गेले. हाच क्लाइव्ह दुसऱ्या वर्षी प्लासीला होता. 

आमच्याकडे येणारे स्नेही या ठिकाणी दोन तट करतात. एक म्हणतो, नानासाहेबांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दुसरा म्हणतो, बंडखोर सरदाराला चुचकारत बसायचे की काय? मला विचाराल तर तुळाजीला वठणीवर आणण्याचा पेशव्यांचा हक्क होता, पण त्यासाठी परक्याची आगकाडी वापरायला नको होती. आरमार तिथेच संपले असेही मात्र नाही. पेशव्यांचे स्वतःचे आरमार विजयदुर्गास पुढे राहिले आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून आणले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीकाठी खडक फोडून केलेली जुनी गोदी आजही पाहता येते. गोदी दगडाची म्हणून राहिली. जहाजे लाकडाची.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. आधी कणा, त्यावर प्लायवूडच्या एकोणीस फासळ्या, आणि त्यांवर सागवानी पट्ट्या. कोरडी सागवानी पट्टी वाकवू गेले की काड्कन मोडते. तिला वाफ द्यावी लागते. किटलीच्या चोचीला पत्र्याची नळी बसवून मी ती सोय केली. चहाची किटली नवी आणावी लागली, हा खर्च छंदाच्या खात्यावर पडला. वाफेतून निघालेली पट्टी अर्धा मिनिट शेवयांसारखी लवचीक असते. तेवढ्यात ती फासळ्यांवर बसवून चिमट्यांनी धरायची. कपडे वाळत घालण्याचे चिमटे या कामाला फार उत्तम. फक्त सोमवारी धुणे असते.

तोफगोळ्यांचा प्रश्न स्वयंपाकघराने सोडवला. नऊ पौंडी गोळ्याचा व्यास चार इंच. अठ्ठेचाळीसाने भागा, मोहरीचा दाणा होतो! तोफा मात्र पितळीच हव्या होत्या. धायरी-नऱ्ह्याकडे लेथवाल्यांना तोटा नाही. त्यांतल्या एका तरुणाकडे गेलो. त्याने विचारले, “काका, ड्रॉइंग आणलंय?” मी म्हटले, तोफेचे काय ड्रॉइंग, मागे जाड, पुढे निमुळती. तो म्हणाला, “काका, ड्रॉइंगशिवाय मी साधा बुशसुद्धा मारत नाही.” शेवटी मी वहीच्या पानावर काढून दिली आणि त्याने चौदा तोफा कातून दिल्या. पैसे घेईना, एक तोफ मात्र मागून घेतली. ती त्याच्या यंत्रावर ठेवलेली आहे.

त्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. अगदी अलीकडे आपल्या नौदलाने ‘कौंडिण्य’ नावाचे जहाज करवून घेतले. नमुना कोणता, तर अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकात रंगवलेले जहाज. नकाशा नाहीच. केरळातल्या बाबू शंकरन या मुख्य कारागिराच्या हाताखाली गोव्यात फळ्या काथ्याने शिवून ते बांधले. आणि मोठे बांधण्याआधी त्याची लहान प्रतिकृती मद्रासच्या आय. आय. टी.त पाण्यावर पारखली. २१ मे २०२५ला ते कारवारला नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचले. उलट, आपल्या किनाऱ्यावरच्या फत्तेमारीचे मोजमाप घेऊन रीतसर नकाशे काढले ते एका फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याने, पारी याने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पुढे पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचा तो प्रमुख झाला आणि अशा नकाशांवरून त्याने प्रतिकृतीही करवून घेतल्या. आपली फत्तेमारी पाहायला आपण पॅरिसला जायचे!

आता आबांविषयी सांगितले पाहिजे. हे आमच्या शेजारच्या इमारतीत मुलाकडे राहायला आलेले गृहस्थ. ऐंशीच्या पुढचे, देवगडकडचे, जन्मभर होड्या आणि मचवे बांधलेले. पुण्यात त्यांना काही काम नाही आणि टीव्ही आवडत नाही. कोणी तरी माझ्या उद्योगाची वार्ता त्यांना दिली. आले, आणि जहाजासमोर डोळा टेबलाच्या पातळीस आणून, दुसरा मिटून, दहा मिनिटे गप्प बसले. मग डाव्या बाजूवरून तळहात फिरवला. “हयसर तिचा पोट सुटलाहा,” म्हणाले. पट्टी लावून पाहिले. पावसाळी हवेने एक फासळी फुगली होती. फरक दीड मिलिमीटरचा.

मी त्यांना ऑर्मचे वर्णन वाचून दाखवणार तोच त्यांनी नाळेवर बोट ठेवले. “हयसर बाजू घालू नकात हां. लाट इली तर पाणी खंयसून जातला?” मी थक्क झालो. ऑर्मने नेमके हेच कारण दिले आहे : लांब नाळेमुळे समोरच्या लाटेत गुराब फार आदळे, आणि नाळेवर चढलेले पाणी अडून न राहता वाहून जावे म्हणून तिथे कठडा ठेवत नसत. आबांनी ऑर्मचे नावही ऐकलेले नाही. मी विचारले, “आबा, तुम्ही कधी गुराब पाहिली होती?” म्हणाले, “गुराब मी खंय बघलंय! पण पाणी तांच मां?”

तेव्हापासून ते रोज चारला येतात. फळ्यांचे सांधे नुसते टेकवत नसत, एकीच्या कडेला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारी धार करून मध्ये कापूस व राळ घालत. असा वीतभर सांधा त्यांनी मला पटाशीने करून दाखवला. कागदावर काढून द्याल का म्हटले तर हसले. “कागद कित्याक व्हयो? डोळे आसत मां!”

पण डोळे त्यांचे आहेत, आणि मोतीबिंदूचे एक ऑपरेशन झालेले आहे. त्यांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही. तो संगणकाच्या कंपनीत आहे आणि त्यात गैर काही नाही. म्हणून आमच्या अकरा वर्षांच्या नातीला मी वही घेऊन बसवले आहे. आबा बोलतात, ती लिहिते. मापे सारी हात, वीत आणि चार बोटांची. म्हणून तिने पहिल्याच पानावर आबांचा पंजा पेन्सिलीने गिरवून घेतला आणि त्यांची वीत फुटपट्टीने मोजली : पावणेनऊ इंच. आता आबांची कोणतीही होडी फुटांत मांडता येते. मचव्याच्या एका बाजूचा उभा छेद तिने काढला तेव्हा आबांनी तो उलटा धरून, सुलटा धरून पाहिला आणि कणा किंचित जाड करायला सांगितले. वही एकतीस पानांवर आली आहे.

काठ्या उभ्या झाल्या आहेत. आबांच्या आग्रहाने किंचित पुढे कललेल्या. इमारतीतल्या मुलांनी यंदा दिवाळीच्या किल्ल्यासाठी विजयदुर्ग घेतला आहे आणि गुराब खाडीत ठेवायला मागितली आहे. खाडी निळ्या रांगोळीची असेल या अटीवर मी रुकार दिला. भाऊबीज झाली की आबा गावी जाणार, ते शिमग्यानंतर येणार. शीड अजून बेतायचे आहे. त्याचा कोणता काठ किती गोलाई ठेवून कापायचा, हे वहीत नाही. सौभाग्यवतीने एक जुने मलमलीचे धोतर काढून ठेवले आहे, आणि उद्या चारला आबा कात्री घेऊन यायचे आहेत.