मोटारगाडीचे पुढील दिवे : जुन्या गाड्यांतील सुधारणा

रात्री, तसेच धुके, धूळ वा पाऊस यांमुळे दृश्यमानता कमी झाली असता पुढील रस्ता उजळण्यासाठी व समोरून येणाऱ्यास गाडीची जाणीव व्हावी यासाठी मोटारगाडीच्या पुढच्या बाजूस बसविलेले दोन किंवा चार विद्युत् दिवे. प्रत्येक बाजूस दोन प्रकारचे झोत मिळण्याची सोय असते : मोकळ्या रस्त्यासाठी दूरचा झोत व समोरून वाहन येत असता वापरावयाचा, खाली वळविलेला जवळचा झोत. चालकांच्या बोलीत यांना अनुक्रमे ‘अपर’ व ‘डिपर’ म्हणतात. जुन्या गाडीत हे दिवे मंद झालेले असतात आणि ते सुधारण्याचे अनेक मार्ग आहेत. मात्र त्यांतील काही मार्ग स्वतःची सोय साधताना समोरच्यास धोका निर्माण करतात.

इतिहास : प्रारंभीच्या गाड्यांना घासलेटचे व नंतर ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडावर पाणी टाकून हा वायू गाडीवरच तयार करीत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विद्युत् आरंभक व विद्युत् दिवे एकत्रितपणे आले आणि त्यानंतर विद्युत् दिव्यांचा प्रसार वेगाने झाला. एकाच फुग्यात दोन तंतू बसविलेला दिवा १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आल्यामुळे एकाच परावर्तकातून दोन्ही झोत मिळू लागले. अमेरिकेत १९४० च्या सुमारास तंतू, परावर्तक व भिंग एकत्र सांधलेला मोहोरबंद दिवा रूढ झाला. यूरोपात १९५७ पासून जवळच्या झोताला असममित आकार देण्यात आला, तर १९६२ मध्ये हॅलोजन दिवा व १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४ हा हॅलोजन दिवा उपलब्ध झाला. १९९१ मध्ये झेनॉन वायूतील विद्युत् प्रज्योतीचे दिवे आणि २००७ च्या सुमारास प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचे म्हणजे एलईडी दिवे उत्पादित गाड्यांत आले.

महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात राहिलेल्या गाड्या बहुतांशी हॅलोजनपूर्व काळातील आराखड्याच्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात फियाट ११०० व पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी ही आवृत्ती तयार होई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत तिचे प्राबल्य होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने टॅक्सीसेवेचा निरोप घेतला. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती. पद्मिनी, अँबॅसडर व जीप या गाड्यांतील काही आजही हौसेने वा गरजेपोटी चालविल्या जातात.

रचना व कार्य : दिव्याचे तीन मुख्य घटक असतात. तंतू हा प्रकाशाचा उगम. अन्वस्ताकार परावर्तक हा केंद्रस्थानी असलेल्या उगमाचा प्रकाश समांतर शलाकेत बदलतो. आणि उभ्या पन्हळींची काच ही शलाका रस्त्याच्या रुंदीवर पसरविते. जवळच्या झोताचा तंतू केंद्रबिंदूच्या किंचित पुढे असून त्याच्याखाली लहान धातूची पन्हळ असते. तीमुळे या तंतूचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो व परावर्तनानंतर खाली वळतो. प्रकाश व अंधार यांची सीमारेषा भारतात डाव्या बाजूस थोडी वर चढविलेली असते. कारण येथे वाहतूक डावीकडून चालते आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जाता कामा नये. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी बनविलेला दिवा भारतीय रस्त्यावर नेमका उलट परिणाम करतो.

सर्व रचना तंतूच्या स्थानावर अवलंबून असते. तंतू एक-दोन मिलिमीटर सरकला, तरी झोत विस्कटतो. दिवा बदलताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

मंदपणाची कारणे : जुन्या गाडीचा प्रकाश कमी होण्यास बहुधा दिव्याचा फुगा जबाबदार नसतो. तापदीप्त तंतूचा प्रकाश विद्युत् दाबाच्या सुमारे ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. जनित्र चालू असताना १३·५ व्होल्ट मिळावयास हवेत, तेथे १२ व्होल्टच मिळाले, तर दाब ११ टक्क्यांनी घटतो, पण प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. ही घट तारांत व जोडांत होते. जुन्या मांडणीत विद्युत् घटमालेकडून निघालेला संपूर्ण प्रवाह चालकापुढील फलकावरच्या खटक्यातून व झोत बदलणाऱ्या खटक्यातून फिरून दिव्याकडे जातो. ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्ट दाबास १० अँपिअर प्रवाह घेतात. मार्गातील झिजलेले संपर्क, गंजलेले जोड व बारीक तारा यांचा एकूण रोध केवळ ०·१५ ओहम असला, तरी दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. दिव्याचा भूसंपर्क पत्र्यावरील गंजलेल्या स्क्रूमधून होत असल्यास आणखी भर पडते.

दुसरे कारण परावर्तकाचे. चांदीचा मुलामा प्रारंभी ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. पण ओलावा आत शिरला, की तो काळवंडतो. असे परावर्तक क्रोमियमचा मुलामा देऊन चकचकीत करून घेण्याची पद्धत आहे. डोळ्यांना ते नवे दिसले, तरी क्रोमियमची परावर्तकता ६५ टक्क्यांच्या आसपासच असते. ॲल्युमिनियमचा निर्वातात दिलेला थर किंवा नवा परावर्तक हाच योग्य उपाय होय. यांशिवाय दगडगोट्यांनी खरवडलेली काच प्रकाश सर्वत्र विखुरते.

सुधारणेचे मार्ग : पहिला व सर्वांत निर्धोक मार्ग तारजोडणीचा आहे. घटमालेपासून किंवा जनित्राच्या अग्रापासून २·५ चौ. मिमी. छेदाची नवी तार वितळतारेमार्फत थेट दिव्यापर्यंत नेतात व तिच्या मार्गात अभिचालित्र म्हणजे रिले बसवितात. जुना खटका मग केवळ रिलेचे वेटोळे चालवितो. त्यातून अँपिअरच्या लहानशा अंशाएवढाच प्रवाह जातो. दूरच्या व जवळच्या झोतासाठी स्वतंत्र रिले आणि शक्यतो डाव्या-उजव्या दिव्यांसाठी स्वतंत्र वितळतारा ठेवतात. त्यामुळे एक तार वितळली, तरी गाडी एकदम अंधारात जात नाही. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून दिव्याच्या अग्रांवर दाब मोजावा. घटमालेवरील दाबापेक्षा तो अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असू नये.

दुसरा मार्ग हॅलोजन दिव्याचा. यातील क्वॉर्ट्‌झच्या लहान फुग्यात आयोडीन किंवा ब्रोमीन असते. तंतूपासून उडालेले टंगस्टन त्याच्याशी संयोग पावून पुन्हा तंतूवर येते. त्यामुळे फुगा काळा पडत नाही आणि तंतू अधिक तापविता येतो. जुना ४५/४० वॉटचा दिवा दूरच्या झोतास सुमारे ८६० लुमेन प्रकाश देतो, तर ६०/५५ वॉटचा एच-४ दिवा सुमारे १,६५० लुमेन देतो. मात्र दोहोंची बैठक वेगळी असते. म्हणून केवळ फुगा न बदलता एच-४ साठी बनविलेला परावर्तक व काच यांचा पूर्ण संच बसविणे योग्य. सुमारे १८ सेंमी. (७ इंच) व्यासाचे असे गोल संच सहज मिळतात. फुग्यास बोट लावू नये. बोटाचे तेल तापून क्वॉर्ट्‌झ खराब होतो.

१००/९० वॉटचे फुगे वापरण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु एच-४ साठी आंतरराष्ट्रीय प्रमाण ६०/५५ वॉट असेच आहे. दोन १०० वॉटचे दिवे सुमारे १७ अँपिअर प्रवाह घेतात. जुन्या डायनामोचे कमाल उत्पादन बहुधा २० ते २५ अँपिअर असल्याने प्रज्वलनासह इतर गरजांसाठी फारसे काही उरत नाही. शिवाय धारक वितळतो व परावर्तक होरपळतो. लाभही अपेक्षेएवढा नसतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने दुप्पट प्रकाशाने पोच सुमारे १·४ पटच वाढते.

हॅलोजनच्या धारकात एलईडीचा किंवा झेनॉनचा फुगा खुपसणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत घातक प्रकार आहे. त्यांचा प्रकाशाचा उगम तंतूच्या आकाराचा व जागेचा नसतो; म्हणून सीमारेषा बिघडते आणि जवळचा झोतही वर उसळतो. गाडीपुढची जमीन लख्ख उजळल्याने चालकास दिवा सुधारल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात जवळच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना दूरचा अंधार अधिकच गडद होतो. आपल्या भिंगासह पूर्ण तयार केलेला, डाव्या वाहतुकीचा प्रमाणित एलईडी संच मात्र समाधानकारक असतो.

झोताची दिशा व कायदा : नवा दिवा लावल्यावर झोत जुळविणे आवश्यक असते. सपाट जागी, चाकांत योग्य हवा व चालकाच्या जागी माणूस असताना गाडी भिंतीपासून १० मी. वर उभी करतात. जवळच्या झोताची सीमारेषा दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंमी. खाली पडावी. मागे बोजा लादला, की पाट्यांच्या कमानी दबून गाडीचे नाक वर होते. म्हणून नेहमी भारवाहू असणाऱ्या गाडीचा झोत भारासह जुळवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार रात्री १५५ मी. अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसतील असा प्रकाश आवश्यक असतो. त्याच नियमांत, दिव्यापासून ८ मी. अंतरावर १·५ मी. उंचीवर डोळे असणारी व्यक्ती दिपणार नाही असा झोत खाली वळविलेला असावा, असेही सांगितले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध घातलेले आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा दिव्यांचीही तपासणी होते. काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने झाकण्याची महाराष्ट्रात रुळलेली पद्धत प्रकाश घटविते, पण दिशा सुधारीत नाही.

रस्त्यावरील प्रत्यक्ष परिस्थिती : या सर्वांचे महत्त्व ग्रामीण रस्त्यावर कळते. यवतमाळ जिल्ह्यातील नेर (नेर परसोपंत) हे तालुक्याचे गाव अमरावती–यवतमाळ मार्गावर असून तेथे लोहमार्ग नाही. त्यामुळे प्रवासी व माल यांची सर्व ये-जा रस्त्यानेच होते. कापसाच्या हंगामात अशा मार्गांवर ट्रक, एस.टी. गाड्या, ट्रॅक्टर, दुचाकी व बैलबंड्या एकत्र चालतात. बैलबंडीस मागे दिवा नसतो व गावाबाहेर रस्त्यावरही दिवे नसतात. चालकास प्रतिक्रियेसाठी दीड सेकंद लागतो व जुने गतिरोधक प्रतिसेकंद ५ मी./सेकंद या दराने वेग कमी करतात असे धरल्यास, ताशी ६० किमी. वेगाची गाडी थांबण्यास सुमारे ५३ मी. व ८० किमी. वेगाची सुमारे ८३ मी. लागतात. जमिनीपासून ७५ सेंमी. उंचीच्या दिव्याचा, एक टक्का उतार दिलेला जवळचा झोत ७५ मीटरवर रस्त्यास टेकतो. म्हणजे उत्तम जुळविलेल्या दिव्यांनीही ताशी ८० किमी. वेगाने जाणारा चालक झोताच्या टोकाशी दिसलेल्या बंडीपूर्वी थांबू शकत नाही. समोरच्या झोताने दिपलेले डोळे पूर्ववत् होण्यास काही सेकंद लागतात आणि ताशी ६० किमी. वेगाने गाडी दर सेकंदास जवळजवळ १७ मी. आंधळेपणाने पुढे जाते.

म्हणून जुन्या गाडीच्या दिव्यांची सुधारणा या क्रमाने करणे श्रेयस्कर ठरते : प्रथम जोड व भूसंपर्क स्वच्छ करणे, नंतर रिले व योग्य तारा, मग परावर्तक व काच, त्यानंतर प्रमाणित फुगा आणि शेवटी झोताची जुळवणी. बंडीच्या व ट्रॅक्टरच्या मागे लावलेली परावर्ती पट्टी हा त्या सुधारणेचाच दुसरा अर्धा भाग होय. कारण दिव्याचा प्रकाश परत फिरून चालकापर्यंत पोहोचला, तरच तो उपयोगी पडतो. [⟶ दिवे, मोटारगाडी].