चोवीस तासांच्या शर्यतीचे यजमान

यज्ञ म्हटला म्हणजे ऋत्विज आले, हविर्द्रव्य आलें आणि ह्या सर्वांचा भार वाहणारा यजमानही आला. मंत्र म्हणणाऱ्यांकडे सर्वांचें लक्ष जातें. तूप, समिधा आणि दक्षिणा कोणाच्या घरून आली ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. मोटारींच्या शर्यतींचेंही असेंच आहे. पहिला कोण आला हें दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतें. परंतु त्याला पळविण्यासाठीं पैसा कोणीं ओतला, व त्याच्या बदल्यांत काय मागितलें, हें क्वचितच छापून येतें. घरोघर तरुण मंडळी ह्या शर्यती हल्लीं आवडीनें पाहतात. वडील माणसांना त्यांतील पैशाचा व्यवहारही ठाऊक असावा, ह्या हेतूनें आम्ही आज हा विषय हातीं घेतला आहे.

फ्रान्स देशांत ल मां नांवाचें शहर आहे. तेथें १९२३ सालच्या मे महिन्यांत चोवीस तास अखंड चालणारी मोटारींची शर्यत प्रथम भरली. ह्या अवधींत जी गाडी सर्वांत अधिक अंतर कापील ती आज विजयी ठरते. फेरीचा मार्ग सुमारें साडेतेरा किलोमीटरांचा असून एका गाडीवर तीन चालक आळीपाळीनें बसतात. २०१० सालीं विजयी गाडीनें ५,४१० किलोमीटर अंतर कापलें; मुंबई ते दिल्ली हा प्रवास एका अहोरात्रांत जवळजवळ चार वेळां करण्यासारखेंच हें झालें! एवढ्या धांवेंत टायरांच्या जोड्यांमागून जोड्या झिजतात, पेट्रोलाला तर सुमारच नाहीं. शिवाय कारागिरांचा ताफा, सुटे भाग, सर्वांचा प्रवास व मुक्काम हा खर्च निराळाच. बक्षिसाच्या रकमेंतून हें भागत नाहीं. म्हणून यजमान शोधावा लागतो. आमच्या मतें ह्या यजमानांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार कारखानदाराचा. पहिल्याच शर्यतीच्या वेळीं मोटारींचीं चाकें बनविणाऱ्या रज-व्हिटवर्थ ह्या इंग्रज कंपनीच्या फ्रान्समधील शाखेनें एक लक्ष फ्रँक देऊं केले होते. ह्यांत निव्वळ औदार्य होतें असें मानण्याचें कारण नाहीं. आपला माल किती टिकाऊ आहे हें जगाला दाखविण्यास ह्याहून चांगली परीक्षा कोणती मिळणार? मोठे मोटार-कारखाने आजही ह्याच हिशेबानें पथकें पाठवितात. मात्र हा यजमान कितीही संपन्न असला तरी स्थिर नव्हे. जर्मनीच्या आउडी कारखान्याच्या गाड्यांनीं २००० ते २०१४ ह्या काळांत तेरा वेळां ही शर्यत जिंकली. पुढें २०१६ अखेर कारखान्यानें अंग काढून घेतलें. पोर्शेनें २०१५, २०१६ व २०१७ अशीं सलग तीन वर्षें विजय मिळविला आणि त्याच वर्षअखेर आपलें वरच्या वर्गांतील पथक मोडलें. कांहीं वर्षांनीं तो कारखाना परत आला ही गोष्ट निराळी. परंतु संचालकांच्या एका बैठकींत शेंकडों माणसांचें काम सुटूं शकतें, हें ह्यावरून दिसतें.

दुसरा प्रकार जाहिरातदाराचा. पूर्वीं गाडीचा रंग देशावरून ठरत असे: इंग्रजांची हिरवी, फ्रेंचांची निळी, इटालियनांची तांबडी. पुढें रंग देणारा धनी बदलला. गल्फ ह्या अमेरिकन तेलकंपनीच्या फिकट निळ्या व नारिंगी रंगांतील एकाच फोर्ड गाडीनें १९६८ व १९६९ अशीं दोन्ही वर्षें शर्यत जिंकली. मागोमाग मद्यवाले आले, सिगारेटवाले आले. तंबाखूच्या जाहिरातींवर फ्रान्सनें १९९१ सालीं कायदा केला, तेव्हां तोही झरा आटला.

जाहिरातदाराच्या आश्रयावर विसंबणाऱ्याची काय गत होते, हें झां रोंदो ह्याच्या चरित्रांत दिसतें. हा ल मां शहराचाच पुत्र. भिंतींना लावावयाचा शोभेचा कागद विकणाऱ्या इनाल्तेरा कंपनीच्या पैशावर १९७६ व १९७७ सालीं त्यानें गाड्या उतरविल्या. नंतर कंपनीनें हात आखडला. दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. ह्यानें नवे आश्रयदाते जोडून स्वतःच्या नांवाची गाडी उभी केली, आणि १९८० सालीं झां-पिएर जोसो ह्याच्यासह ती चालवून तो पहिला आला. स्वतःच्या नांवाची गाडी स्वतः चालवून ही शर्यत जिंकणारा आजवर तोच एक.

तिसरा प्रकार आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटतो. येथें यजमान स्वतःच ऋत्विजाच्या आसनावर बसतो! दक्षिण आफ्रिकेंत हिऱ्यांच्या व्यापारांत मिळविलेल्या पैशाचा वारस वुल्फ बार्नाटो हा १९२६ सालीं अडचणींत आलेल्या बेंटली कारखान्याचा अध्यक्ष झाला. धनिकाची लहर म्हणून कोणी हंसले असतील. परंतु १९२८, १९२९ व १९३० ह्या तिन्ही वर्षीं तो स्वतः शर्यतींत उतरला व तिन्ही वेळां जिंकला. आसन पैशानें मिळालें खरें, पण विजय पैशानें मिळाला असें म्हणवत नाहीं. १९३१ सालीं त्यानें अधिक पैसा घालण्याचें नाकारतांच कारखाना बुडाला आणि रोल्स-रॉईस कंपनीनें तो विकत घेतला.

आज ह्या प्रकाराला नियमांची बैठक आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ चालकांच्या प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य व कांस्य अशा चार प्रती लावतो. कांस्य प्रत ही मुख्यतः हौशी चालकांची. २०२४ पासून जागतिक मालिकेंतील जीटी-३ वर्गाच्या प्रत्येक गाडींत एक तरी कांस्य चालक असलाच पाहिजे, आणि त्यानें ठरलेला किमान वेळ गाडी चालविलीच पाहिजे. पथकाचा बराचसा खर्च बहुधा हाच गृहस्थ उचलतो. सोबतच्या धंदेवाईक चालकांना त्यांतून वेतन मिळतें, व ते त्याला विद्या शिकवितात. टेक्सासमधील मोटारींचे व्यापारी बेन कीटिंग ह्यांची गाडी २०१९ सालीं आपल्या वर्गांत पहिली आली. परंतु इंधनाची टाकी नियमापेक्षां एक दशांश लिटरनें मोठी भरल्यामुळें ती बाद झाली. पैसा देणारा म्हणून त्यांना सूट मिळाली नाहीं. २०२२ व २०२३ सालीं त्यांनीं तोच मान रीतसर मिळविला.

ह्या व्यवस्थेंत एक विपर्यासही आहे. रौप्य प्रतीचा पण वेगवान तरुण सर्वांस हवा असतो. त्यानें फारच कौशल्य दाखविलें कीं त्याची प्रत चढते, आणि प्रत चढली कीं मागणी घटूं शकते. परीक्षेंत अधिक गुण मिळाले म्हणून विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती जावी, तसेंच हें झालें! श्रीमंत हौशी चालकाला अशी धास्ती नसते. ती असते घरीं द्रव्यबळ नसलेल्या गुणी मुलाला.

आतां द्रव्यशुद्धीचा प्रश्न. अमेरिकेंत १९८४ सालीं रँडी लेनिअर ह्यानें ब्लू थंडर ह्या आपल्या पथकाच्या गाडींतून तेथील दीर्घ शर्यतींच्या मालिकेचें अजिंक्यपद मिळविलें. बड्या कारखान्यांचा आश्रय नसतां हा पैसा येतो कोठून, असें लोक विचारूं लागले. तो गांजाच्या चोरट्या आयातींतून येत होता. लेनिअरला जन्मठेप झाली, आणि २०१४ सालीं तो सुटला. त्याचें कौशल्य खोटें नव्हतें. परंतु त्या कौशल्याला पोसणारें अन्न दूषित होतें.

आपल्याकडील मुलांना हा मार्ग अगदींच अप्राप्य राहिलेला नाहीं. करुण चंधोक हे २०१२ सालीं ल मां येथें शर्यतींत उतरणारे पहिले भारतीय ठरले, आणि खासगी पथकाची त्यांची गाडी सहावी आली. उद्यां एखाद्या घरांत असा हट्ट निघाला, तर वडिलांनीं मुलाच्या वेगाची चौकशी मागाहून करावी. आधीं तीन प्रश्न विचारावे: पैसा कोणाचा, तो आला कोठून, आणि देणाऱ्यानें उद्यां हात आखडला तर काय? तिन्हींचीं उत्तरें उघडपणें देतां आलीं, तर त्या हौसेला नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.