ताडाच्या दोन फेऱ्या

पहाटे 5. डहाणू तालुक्यातल्या रानशेतच्या पाड्यावर अजून अंधार आहे. मार्च लागला तरी अंगणात गारवा. काका कमरेला दोर गुंडाळतात आणि त्यात आऊत, म्हणजे ताडीचा सुरा, खोचतात. पातं रुंद, पातळ. धार अंगठ्याच्या नखावर बघतात. तोंडातून शब्द नाही.

5.30. पहिला ताड. खोडाला उभा बांबू बांधलाय, फांद्या छाटून बोटभर खुंट ठेवलेत. तीच शिडी. पन्नास-साठ फूट वर अनवाणी जायचं. पाठीला रिकामा कॅन. वर नर झाडाचे लांब फुलोरे. हंगामाच्या सुरुवातीला ते चेपून, बांधून नरम केलेले. आता रोज टोकाची कागदाएवढी चकती कापायची. जाड कापली तर फुलोरा लवकर संपतो. नाही कापली तर तोंड बुजतं आणि रस थांबतो. म्हणजे सुट्टी नाही. सणाला नाही, तापाला नाही.

6.15. तिसरं झाड. खाली उभं राहून माझी मान दुखायला लागली. "भीती नाही वाटत, काका?"
"वाऱ्याची वाटते. उंचीची नाही."

7. कॅन खाली येतो. फुलोऱ्याला बांधलेल्या मडक्यातल्या मधमाश्या आणि मुंग्या फडक्यातून गाळून बाहेर. काका पहिले चार थेंब जमिनीवर सांडतात, मग पेला माझ्या हातात. गोड, किंचित धुरकट. मडक्याला आतून चुना लावला असता तर ही नीराच राहिली असती. जुन्या मडक्यात मात्र आंबवण मुरलेलं असतं, ऊन चढेल तशी ताडी चढते.

8.30. गिऱ्हाइकं. कामावर निघालेले दोघे, एक रिक्षावाला. पेल्याचे सुटे पैसे डब्यात पडतात. झाडं काकांची नाहीत. एक दिवसाची ताडी त्यांची, दुसऱ्या दिवसाची मालकाची. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यात ताडाच्या झाडावरही कर होता, आणि आजही ताडी काढायला सरकारचा परवाना लागतो. याच तालुक्यातल्या गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस अनेकदा असतो. परवाना मात्र कुणी काढत नाही.

11. सावलीत बसलोय. ताडी आता आंबट झालीय. हिचंच ऊर्ध्वपातन केलं की अरक होतो. डहाणूच्या रेल्वेमार्गाने उत्तरेला गेलं की सुरत. तिथल्या इंग्रज वखारीत मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी 1638 साली उतरला होता. तिथले इंग्रज मद्य, लिंबाचा रस, साखर आणि गुलाबपाणी एकत्र करून पितात, असं त्याने लिहून ठेवलंय. तेच पंच. पुढे ते विलायतेला गेलं, अरकाच्या जागी जिन आली, एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हॉटेलांत जिन पंच चालू लागलं आणि त्याच घराण्यातलं टॉम कॉलिन्स आज जगभरच्या बारमध्ये मिळतं. जिन, लिंबू, साखर, सोडा. काकांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "लिंबू कशाला? चव बिघडते."

दुपारी 1. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. मग चिकूच्या वाडीवर मजुरी, कारण नुसत्या ताडीवर घर चालत नाही. ताडीचा हंगाम बारमाही नसतो. पावसाळ्यात खोड निसरडं, मग भाताची लावणी.

5. वाडीवरून परत. दुसरी फेरी. तीच झाडं, तेच खुंट. सकाळी बांधलेल्या मडक्यांतलं एक कावळ्यांनी पाडलंय. नवीन मडक्याचे पैसे त्यांच्याच अंगावर, मालक देत नाही. अंगाला घाम, हाताला चीक. यावेळी मोजून बघितलं: एका झाडावर जेवढा वेळ चढायला, त्याहून जास्त उतरायला. भरलेला कॅन पाठीला असतो ना.

6.45. दोर सोडताना काकू त्याचा एक पीळ बोटाने दाखवतात. सुटत आलाय. डहाणूच्या बाजारात सकाळी गेलं तर ताडीची फेरी जाते, दुपारी गेलं तर वाडीवरची हजेरी बुडते. "मी आणते," काकू म्हणतात. काका दोन्ही हात पसरून लांबी मोजून देतात. एक, दोन, तीन वाव. "आणि नायलॉनचा नको. घामात हातातून सुटतो."