गांधी उठल्यावरची वीस मिनिटं

माळ्यावरच्या शेणी काढताना आत्याच्या मनगटाला गांधीलमाशी डसली. पाचेक मिनिटांत तळहातांना खाज सुटली, मानेवर-पोटावर गांधी उठल्या. “पित्त उठलंय गो,” म्हणत आजीनं आमसुलं भिजत घातली आणि आम्ही ते पाणी अंगाला चोळत बसलो. मग आत्याचा आवाज घोगरा झाला. घशात काहीतरी अडकलंय असं ती खुणेनं सांगू लागली. तोवर वीस मिनिटं गेली होती.

आमच्याकडे अंगावर जे काही उठेल ते पित्तात जमा होतं. बहुतेक वेळा ते आपोआप विरतंही, म्हणून तर आमसुलावरचा विश्वास टिकून आहे. पण गांधींच्या जोडीला श्वास अडकला, आवाज बसला, वारंवार उलट्या झाल्या किंवा भोवळ आली, तर ते पित्त नव्हे, ते अ‍ॅनाफिलॅक्सिस. कधीकधी तर कातडीवर काही दिसतही नाही.

हा शब्द घडला तो एका फसलेल्या प्रयोगातून. 1901च्या उन्हाळ्यात शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून अटलांटिकमध्ये गेले आणि फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करू लागले. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर येऊन पडणारी निळी ‘ब्लू बॉटल’ ती हीच. पॅरिसला परतल्यावर त्यांनी फायसेलियाऐवजी समुद्रफुलाचं (सी अ‍ॅनिमोनचं) विष वापरलं. थोडंथोडं विष देऊन कुत्र्यांना त्याची सवय लावता येईल, असा त्यांचा होरा होता. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिली मात्रा सोसली. 22 दिवसांनी पुन्हा थोडंसं विष टोचलं, तर काही सेकंदांत त्याला धाप लागली, पाय लटपटले, तो कुशीवर कोसळला आणि 25 मिनिटांत मेला. सवय लागण्याऐवजी उलटंच झालं होतं. म्हणून रिशेंनी नाव दिलं ‘संरक्षणाच्या उलट’ अशा अर्थाचं. 1913मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं.

विषासारख्या एखाद्या पदार्थाशी पहिली गाठ पडली की शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या गाठीत या पेशी फुटल्यासारख्या रित्या होतात, हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सुटतात. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळतात.

हे सगळं एकाच वेळी उलटवणारं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन. आपल्याकडे मात्र अजूनही आधी एव्हिल, मग स्टिरॉइड आणि मग ‘बघू’ असा क्रम चालतो, आणि याचा मला मनापासून राग येतो. एव्हिलनं खाज थांबते, घसरलेला रक्तदाब उचलला जात नाही. हा फरक सर्पदंशाच्या उपचारातही दिसला आहे. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते आणि तिचीच अशी प्रतिक्रिया येऊ शकते. श्रीलंकेत 1,007 रुग्णांवर झालेला अभ्यास 2011मध्ये प्रसिद्ध झाला. लस देण्याआधी अ‍ॅड्रेनलिनची अल्प मात्रा टोचल्यानं गंभीर प्रतिक्रिया घटल्या; स्टिरॉइडनं किंवा खाजेच्या औषधानं घटल्या नाहीत.

आत्याला रिक्षात आडवं घालून नेलं. दवाखान्यात ती उठून बसू पाहत होती, तर डॉक्टरांनी खांदे धरून तिला निजवलं आणि पायांखाली उशी सरकवली. अशा वेळी एकदम उभं राहिलं तर हृदयाकडे पुरेसं रक्त पोचत नाही आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. त्यांनी अ‍ॅड्रेनलिनच्या बोटभर अँप्यूलची मान मोडली, त्यातलं अर्धा मिली, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, सिरिंजमध्ये ओढलं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत टोचलं. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं द्यायचं म्हणून आणखी एक अँप्यूल ट्रेमध्ये ठेवली. ती लागली नाही. आत्यानं पाणी मागितलं, तेव्हा तिचा आवाज ओळखू आला.

तरी तिला घरी सोडलं नाही. औषधाचा असर ओसरल्यावर काही तासांनी तीच लाट पुन्हा उसळू शकते. रात्री दोनदा डॉक्टर येऊन तिची नाडी आणि बीपी बघून गेले.